माणसात नसणे

आपल्या मराठीत एक वाक्य फार सहजपणे बोलले जाते. रागाच्या भरात कुणी बायकोवर, मुलावर, हाताखालच्या माणसावर हात टाकतो. दुसऱ्या दिवशी शेजारचे कुणी वडीलधारे त्याला जाब विचारतात, तेव्हा तो खाली मान घालून म्हणतो, ‘काका, मी माणसात नव्हतो.’ ऐकणारा उसासा टाकतो आणि विषय मिटतो. संतापलेल्याला आपण ‘माणसात ये’ असे सांगतो, आणि राग ओसरलेल्याविषयी ‘आता माणसात आला’ असे म्हणतो. जणू माणूसपण हे एखादे घर आहे, त्यातून बाहेर पडून पुन्हा आत येण्याची मुभा प्रत्येकाला आहे, आणि बाहेर असताना जे घडले त्याची नोंद घरच्या वहीत होत नाही. या बोलण्यात खरेपणा किती, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारायचा आहे. तो मला सुचला तो मात्र प्रवचनातून किंवा ग्रंथातून नव्हे, तर एका जुन्या जपानी व्हिडिओ गेममुळे. वाचकांनी हसू नये.

सन २००० च्या उन्हाळ्यात आम्ही जबलपूरला रेल्वेच्या वसाहतीत राहत होतो. मुलगा तेरा वर्षांचा होता. गणिताच्या शिकवणीची फी म्हणून त्याच्याजवळ दिलेले दीडशे रुपये मास्तरांपर्यंत पोहोचलेच नाहीत, असे मला एका दुपारी कळले. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका खोलीत दोन टीव्ही आणि त्यांना जोडलेली दोन करड्या रंगाची प्लेस्टेशन यंत्रे ठेवून कुणी व्हिडिओ गेमचे दुकान थाटले होते. तासाला दहा रुपये. चिरंजीव तेथे सापडले. पुढचे मी थोडक्यात सांगतो. कमरेचा पट्टा काढून मी त्याला त्या खोलीत, पाचसहा मुलांच्या देखत मारले. मुले भिंतीला चिकटून उभी राहिली, दुकानदाराने आवाज बंद केला. पडद्यावर अर्धा लांडगा नि अर्धा माणूस असा एक प्राणी श्वासागणिक खालीवर होत उभा होता. त्याला चालवणारा हात आता त्याच्या उपयोगाचा राहिला नव्हता.

घरी येऊन मी पत्नीला म्हणालो, ‘मी माणसात नव्हतो.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, ‘पोराला गुरासारखं मारलंत तुम्ही.’

या गोष्टीला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. गेल्या नाताळात मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू आमच्याकडे आले, तेव्हा मुलाने सामानातून तसलेच एक करडे यंत्र काढले. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून त्याने ते हौसेने विकत घेतले होते. त्याबरोबर तीच तबकडी होती. बापलेक दिवाणखान्यात मांडी घालून बसले, पडद्यावर तोच लांडगा उभा राहिला, आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवून पहिल्यांदाच विचारले, ‘हा खेळ नेमका आहे तरी काय?’ मुलाने त्या दुपारचा उल्लेख केला नाही. त्याने मला खेळ समजावून सांगितला.

या मालिकेचे नाव ‘ब्लडी रोअर’. हडसन सॉफ्ट आणि एटिंग या जपानी कंपन्यांनी ती घडवली. पहिला खेळ १९९७ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवर आला. अमेरिकेतल्या आर्केडमध्ये त्याला ‘बीस्टोरायझर’ म्हणत. त्याच वर्षी तो प्लेस्टेशनवर उतरला. दुसरा भाग १९९८ साली आर्केडमध्ये आणि १९९९ साली घरगुती यंत्रावर आला. त्यानंतर तिसरा, मग २००२ साली ‘प्रायमल फ्युरी’, २००३ साली चौथा, आणि तेथे मालिका थांबली. हडसन सॉफ्ट ही कंपनीसुद्धा २०१२ साली कोनामी या मोठ्या कंपनीत विलीन होऊन नाहीशी झाली. दोन माणसांनी समोरासमोर उभे राहून हातापायांनी लढायचे, हा प्रकार त्या काळी नवा नव्हता. नवे होते ते असे, की यातील प्रत्येक योद्ध्याच्या पोटी एक जनावर आहे. युगो नावाचा तरुण लांडगा होतो. एक डोळा गमावलेला गाडो हा भाडोत्री सैनिक सिंह होतो. लाँग वाघ होतो, मित्सुको रानडुक्कर होते, आणि एका वृद्ध निंजाच्या पोटी चक्क चिचुंदरीसारखा बिळे करणारा तीळभर डोळ्यांचा प्राणी निघतो. अॅलिस नावाची मुलगी ससा होते. हा ससा लाथा मारतो आणि सिंहालाही लोळवू शकतो, हे पाहून मला मनापासून बरे वाटले.

माझे लक्ष वेधले ते मुलाच्या एका वाक्याने. पडद्याच्या कडेला प्रत्येक योद्ध्याच्या प्राणबळाची एक पट्टी असते, आणि तिच्या जोडीला पशुबळाची दुसरी. मी गृहीत धरले होते, की पट्टी भरून वाहू लागली की मनुष्य आपोआप जनावर होत असेल. रागाचा पारा चढावा तसे. मुलगा म्हणाला, ‘नाही बाबा, आपोआप काही होत नाही. त्याचं वेगळं बटण आहे, ते दाबावं लागतं. न दाबता शेवटपर्यंत माणूस राहूनही लढता येतं. अवघड जातं, पण येतं.’

अवघड जाते, पण येते. ते वाक्य त्याने नातवाकडे पाहत, खेळाच्या नादात उच्चारले. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

याच जातीचा आणखी जुना एक खेळ मुलाने मला दाखवला. सेगा कंपनीचा ‘ऑल्टर्ड बीस्ट’, १९८८ सालचा. तेथे झ्यूस एका मृत रोमन योद्ध्याला थडग्यातून उठवतो, आणि तो वाटेत शत्रूंपासून तेजाचे गोळे गोळा करत जातो. तिसरा गोळा हाती आला की त्याचे रूप पालटते. त्याला कुणी विचारत नाही. म्हणजे पशू होण्याच्या दोन कल्पना या दोन खेळांत आहेत. एकीत पशुत्व हे माप भरल्यावर घडणारे परिवर्तन आहे, तर दुसरीत तो एक निर्णय आहे. ‘मी माणसात नव्हतो’ म्हणणारा प्रत्येक जण पहिल्या खेळातील कैफियत मांडत असतो. प्रश्न असा, की आपण प्रत्यक्षात खेळत असतो तो खेळ कोणता?

तत्त्ववेत्त्यांनी यावर पुष्कळ विचार केला आहे. मिटिलीन नगराच्या पिट्टाकस नावाच्या शास्त्याने कायदा केला होता, की दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्यास शुद्धीवर असणाऱ्याहून अधिक शिक्षा द्यावी. ॲरिस्टॉटल या कायद्याची नोंद करतो, आणि नीतिशास्त्रावरील ग्रंथात त्यामागचे कारणही सांगतो: त्या वेळी शुद्ध नव्हती हे खरे, परंतु शुद्ध घालवणे त्याच्या हाती होते. संत थॉमस अक्विनास यांनी अधिक बारीक भेद केला. विकार इच्छेच्या आधी उसळून आला असेल तर त्या मानाने दोष हलका होतो, कारण बुद्धीला विचार करण्यास अवसरच मिळाला नाही. परंतु इच्छेने आधी वाट धरली आणि मग विकाराला मदतीस बोलावले, तर दोष हलका होत नाही, उलट ती इच्छा किती जोराची होती याचीच ती खूण ठरते. पहिला राग माणसावर येऊन आदळतो. दुसरा राग माणूस अंगावर ओढून घेतो, अंगरखा चढवावा तसा.

आपल्या न्यायालयांनाही हा भेद करावा लागला आहे. ज्येष्ठ वाचकांना मुंबईचा नाणावटी खटला आठवत असेल. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीच्या तोंडून तिच्या परसंबंधाची कबुली ऐकल्यावर नौदलातील हे अधिकारी बायकोमुलांना चित्रपटगृहापाशी सोडून आपल्या जहाजावर गेले, खोटे कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर मिळवले, आणि त्या मनुष्याच्या घरी जाऊन त्याला ठार केले. ज्यूरीने बहुमताने त्यांना निर्दोष ठरवले होते. लोकांची सहानुभूतीही अपार होती. परंतु उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली तो निर्णय कायम करताना घड्याळाकडे पाहिले. दुपारी दीडच्या सुमारास ते घरातून निघाले, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या. आकस्मिक व गंभीर प्रक्षोभाची सवलत कायदा देतो, पण मध्ये सुमारे तीन तास गेले होते, आणि आत्मसंयम परत मिळवण्यास ते पुरेसे होते.

मध्ये किती वेळ गेला? मी हा प्रश्न स्वतःस विचारला आहे. घरातून त्या गल्लीपर्यंत पायी जाण्यास मला बारा मिनिटे लागत. वाटेत मी ओळखीच्या एका गृहस्थांना ‘नमस्कार’ म्हणालो होतो, हे मला स्वच्छ आठवते. फाटकाजवळ मालगाडी जाईपर्यंत थांबलोही होतो. जो माणसात नाही तो मालगाडीसाठी थांबत नाही.

पवित्र शास्त्र या मधल्या वेळाविषयी विलक्षण दक्ष आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचा संताप आणि हाबेलाचा खून या दोहोंच्या मध्ये परमेश्वर काइनाशी बोलतो. पाप दाराशी दबा धरून बसलेल्या श्वापदासारखे आहे असे चित्र तेथे आहे, आणि त्यावर सत्ता चालवणे काइनाकडून अपेक्षिले आहे. ते श्वापद काइनाच्या पोटात नाही, दाराबाहेर आहे. दार उघडणारा आतला आहे.

आणि नबुखद्नेस्सर राजाची कथा! माणसाचा पशू होण्याची शास्त्रातील सर्वांत ठळक कथा हीच. दानीएलाने स्वप्नाचा अर्थ सांगून राजाला नीतीने वागण्याचा व दीनांवर दया करण्याचा सल्ला दिला. त्यानंतर तत्काळ काही झाले नाही. बारा महिने गेले. इतका अवकाश मिळूनही राजवाड्याच्या गच्चीवर राजाच्या तोंडी स्वतःच्याच वैभवाची बढाई होती. मग तो माणसांतून घालवला गेला, बैलासारखा गवत खाऊ लागला, दहिवराने भिजला. केस गरुडाच्या पिसांसारखे आणि नखे पक्ष्यांच्या नखांसारखी वाढली. लहानपणी रविवारच्या शाळेत ही कथा ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे एक भयंकर जनावर उभे राहत असे. आता वाचताना ध्यानात येते, की या अवस्थेत राजाने कुणाला इजा केल्याचा एक शब्दही तेथे नाही. तो गवत खातो. ज्या राजाने शद्रख, मेशख व अबेद्नगो यांना धगधगत्या भट्टीत टाकले तो अंगावर राजवस्त्रे असलेला, दरबारात बसलेला, भाषा बोलणारा मनुष्य होता. आणि त्या प्रसंगी, आधीच्याच अध्यायात, क्रोधाने त्याची मुद्रा पालटली असे शास्त्र सांगते. रूप पालटले ते तेव्हा. भट्टी नेहमीच्या सातपट तापवण्याचा हुकूम त्या पालटलेल्या चेहऱ्याने दिला. गुरासारखे चरणाऱ्या मुखाने नव्हे.

येथे जनावरांच्या वतीने दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण त्यांचा वकील कुणी नाही. वृत्तपत्रांत ‘पाशवी अत्याचार’ हा शब्दप्रयोग आपण रोज वाचतो. कोणत्या पशूने असा अत्याचार केला आहे? सहाव्या शतकात कारागृहात मृत्यूची वाट पाहत असता बोएथियसने आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात तो दुर्गुणांची आणि प्राण्यांची जोडी लावतो: लोभी तो लांडगा, कपटी तो कोल्हा, क्रोधाविष्ट तो सिंह, भित्रा तो हरीण, आळशी तो गाढव. चांगुलपण सोडणारा मनुष्यच राहत नाही, असे त्याचे म्हणणे. विचार थोर आहे. जनावरांवर मात्र अन्याय आहे. इंग्लंडच्या तत्त्वज्ञ मेरी मिज्ली यांनी ‘बीस्ट अँड मॅन’ या १९७८ सालच्या पुस्तकात हीच तक्रार मांडली, की मनुष्याने आपले जे दुर्गुण स्वतःच्या नावावर घ्यायला नकोत ते पशूंच्या नावावर चढवले आणि मग त्या काल्पनिक पशूला आपल्या अंतर्यामी बसवले. लांडग्याचेच पाहा. लांडग्यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले डेव्हिड मेक यांनी १९९९ साली स्पष्ट केले, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे सत्तेसाठी झुंजणारी टोळी नसून बहुधा एक कुटुंब असते: आई, बाप आणि त्यांची पिले. बाप लांडगा पिलांसाठी पोटातून अन्न आणतो. त्या दुपारी मी लांडग्यासारखा वागलो असतो, तर बरे झाले असते.

मग ‘ब्लडी रोअर’ हा खेळ वाईट काय? आपल्या मंडळ्यांतील काही सज्जन असल्या खेळांविषयी फार कठोर बोलतात. त्यात हाणामारी आहे, पशुरूपाचे उदात्तीकरण आहे, नावातच रक्त आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती तो किती वेळ द्यावा, याचा विचार आईबापांनी जरूर करावा. सुनेने तो केला, आणि अर्ध्या तासात यंत्र बंद झाले. त्यापलीकडे या वादात शिरण्याची मला इच्छा नाही. खेळाच्या पोटातल्या कथेने मला जे दाखवले ते अधिक महत्त्वाचे वाटते.

त्या कथेत पशुरूप घेऊ शकणाऱ्या माणसांना ‘झोअँथ्रोप’ असे नाव आहे. टायलन नावाची एक कंपनी त्यांना पकडून त्यांच्यावर प्रयोग करते, त्यांची शस्त्रे बनवू पाहते. सशाचे रूप घेणारी अॅलिस ही त्या प्रयोगशाळेतून निसटलेली मुलगी. दुसऱ्या भागात ती परिचारिका झालेली दिसते. स्टन नावाचे एक पात्र तर मुळात वैज्ञानिक. सहकाऱ्याने दगा देऊन त्याच्या देहाचा कीटक करून टाकला. टायलन कोसळल्यावरही सुटका नाही; सामान्य माणसे या लोकांचा द्वेष करतात, त्यातून त्यांची एक सशस्त्र संघटना उभी राहते, आणि पुढे सहअस्तित्वाचे नाव घेऊन गाडो व त्याचे साथी दुसरी संघटना काढतात. कथा बाळबोध आहे, पात्रांचे संवाद त्याहून बाळबोध. पण प्रश्न बाळबोध नाही. समोरचा दिसायला वेगळा आहे, त्याच्या अंगावर लव आणि बोटांना नख्या आहेत. तो माणूस आहे की नाही, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे?

हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीला नवा नाही. नवव्या शतकात उत्तरेकडे सुवार्ताकार्य करणाऱ्या रिंबर्टने कोर्बीच्या मठातील रात्राम्नस या विद्वानाला विचारले होते, की ज्यांची मस्तके कुत्र्याची आहेत अशा लोकांविषयी आपण ऐकतो, ते आदामाचे वंशज मानावेत की पशू? असे लोक अर्थातच कोठे नव्हते. पण रात्राम्नसचे उत्तर आजही वाचावे असे आहे. मस्तकावरून पाहता आपले लोक त्यांना पशूंत गणतील, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने मस्तकाकडे पाहिले नाही. ते वस्ती करून राहतात, शेती करतात, लज्जारक्षणासाठी वस्त्र नेसतात, जनावरे पाळतात, असे ऐकिवात आहे ना? मग त्यांच्या ठायी बुद्धी आहे, आणि बुद्धी आहे तर ते माणूस आहेत. त्याच्या चारशे वर्षे आधी संत ऑगस्टीन यांनी हेच सूत्र घालून दिले होते: देहाचा आकार, रंग, आवाज कितीही विचित्र असो, जो मनुष्य म्हणून, म्हणजे बुद्धी असलेला मर्त्य प्राणी म्हणून जन्मला, तो आदामाचाच. ऑगस्टीन यांनी रूपांतराच्या कथाही तपासल्या आहेत. इटलीत काही खाणावळवाल्या बायका चीज खाऊ घालून प्रवाशांची ओझ्याची जनावरे करतात अशी बोलवा त्यांच्या कानी आली होती. त्यांनी ती सांगितली, पण मानली नाही. सैताने फार तर भास निर्माण करतील, निसर्ग पालटण्याचे सामर्थ्य निर्माणकर्त्याकडेच आहे, हे त्यांचे मत. आणि त्या बोलवेतही एक तपशील होता: ओझी वाहताना त्या प्रवाशांचे मन माणसाचेच राहत असे.

बाराव्या शतकातला गेराल्ड ऑफ वेल्स आयर्लंडच्या वर्णनात याहून विलक्षण गोष्ट सांगतो. एक धर्मगुरू अल्स्टरहून मीथकडे निघाला असता रानात शेकोटीपाशी रात्र काढत होता. एक लांडगा जवळ आला आणि माणसाच्या भाषेत म्हणाला, की भिऊ नये. आम्ही ऑसरीचे, शापामुळे आमच्यातील दोघांना सात वर्षे हे रूप घ्यावे लागते, माझी सोबतीण मरणोन्मुख आहे, तिला अखेरचे संस्कार द्या. धर्मगुरू भीतभीत गेला. लांडगीला काय द्यावे, या विचाराने त्याचा हात थांबला. तेव्हा लांडग्याने पंजाने तिचे कातडे डोक्यापासून नाभीपर्यंत सोलून दाखवले, आणि आत एक म्हातारी बाई होती. धर्मगुरूने तिला प्रभुभोजनाचा भाग दिला. गेराल्ड ही गोष्ट सांगून थांबत नाही. असल्या प्राण्याला ठार करणारा मनुष्यवधाचा दोषी ठरेल काय, असे तो विचारतो. कथा खरी नसेल, नाहीच. पण ती रचणाऱ्यांना आणि जपणाऱ्यांना काय खरे वाटत होते ते पाहा: कातड्याखाली माणूस असू शकतो, आणि तो तेथे नाही असे धरून चालण्याची चूक महाग पडेल.

दुर्दैवाने ही चूक कातडे नसतानाही केली गेली. अमेरिकेतील मूळ रहिवाशांना मुकी जनावरे समजून राबवणाऱ्यांविरुद्ध पोप पॉल तिसरे यांना १५३७ साली लेखी घोषित करावे लागले, की ही खरी माणसे आहेत. घोषणेने राबवणे थांबले नाही. आणि दूर कशाला जावे? महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक त्या तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली. येथे माणसाला पशूच्या बरोबरीचा मानही नव्हता. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांना हा अनुभव कुणी पुस्तकातून सांगावा लागला नाही.

हे सर्व वाचत, ताडत असता पत्नीचे ते वाक्य माझ्याकडे परत आले. ‘गुरासारखं मारलंत.’ आजवर मी ते वाक्य केवळ माराच्या प्रमाणाविषयी आहे असे समजत होतो. आता त्याचा दुसरा अर्थ दिसतो. त्या दुपारी मी दोन माणसांना माणसातून उठवले होते. स्वतःला उठवले, म्हणजे उत्तर द्यायला कुणी उरू नये. आणि मुलाला गुरांत ढकलले, म्हणजे जाब विचारायलाही कुणी उरू नये. दोन्ही बाजूंना जनावरेच असली की मग अपराध कसला? रानात कोण कुणाला क्षमा मागतो? मराठी भाषेने ही दोन वाक्ये एकमेकांच्या इतक्या जवळ ठेवली आहेत, आणि मी पंचवीस वर्षांत ती जोडून वाचली नाहीत.

राग आला होता, हे मी नाकारत नाही. पैशाचा राग होता, खोटेपणाचा होता. वसाहतीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हा सर्वांत मोठा होता, आणि अक्विनास यांच्या मोजपट्टीने तो फारसा अचानक नव्हता. पट्टी भरलेली होती. पण मालगाडी गेल्यावर फाटक उघडले, तेव्हा उलट दिशेलाही रस्ता होता.

दुसऱ्या भागात एक डाव आहे, त्याला ‘बीस्ट ड्राइव्ह’ म्हणतात. पशुरूपातील सगळे बळ एकवटून केलेला तो वार. लागला तर समोरचा जवळजवळ संपतो. नातवाने तो केला आणि त्याचा सिंह तत्क्षणी पुन्हा साधा, एक डोळ्याचा माणूस होऊन उभा राहिला. ‘हा वार केला की परत माणूस व्हावंच लागतं, लागो की चुको,’ मुलगा म्हणाला. ‘आणि मग समोरचा उरला असेल तर त्याच्यापुढं माणूस म्हणूनच उभं राहावं लागतं.’ एवढे बोलून तो गप्प झाला. त्याने माझ्याकडे पाहिले की नाही, मला सांगता येणार नाही, कारण मी पडद्याकडे पाहत होतो.

नंतर नातवाने यंत्राची ती दांडी माझ्या हाती दिली. मी ससा निवडला. माझी बोटे संधिवाताने आखडलेली, त्यामुळे कोणते बटण कोणते हे कळेपर्यंत वाघाने मला तीनदा पाडले. नातू ओरडत होता, ‘आजोबा, दाबा ना, बदला ना!’ मी दाबले नाही. हे काही तत्त्व म्हणून नव्हे, मला ते सापडलेच नाही. मुलगा हसला, आणि त्याने माझा अंगठा उचलून दुसऱ्या बटणावर ठेवला.

दोन जानेवारीला ते परत गेले. नबुखद्नेस्सराने शुद्ध परत आल्यावर आपली हकीकत सर्व देशांतील लोकांना लिहून कळवली, असे दानीएलाच्या पुस्तकात आहे. मलाही अनोळखी वाचकांना लिहिणे सोपे गेले. हा अंक मुलाच्या घरी जाईल. तो वर्गणीदार आहे. त्याच्या आधी एक पत्र जायला हवे, आणि ते अजून पहिल्या ओळीच्या पुढे गेलेले नाही.